फेलोशिपला बाहेरचा वक्ता बोलवायचाय? पहिल्या फोनपासून शेवटच्या हिशेबापर्यंत (गोव्यातल्या मराठी मंडळींसाठी)

छोट्या मराठी बॅप्टिस्ट फेलोशिपमध्ये, म्हणजे आपल्यासारख्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत, उपासनेला बाहेरचा वक्ता साधारण असा ठरतो. पाळकसाहेब गावी निघालेले असतात, शुक्रवारी रात्री ग्रुपवर मेसेज पडतो, "रविवारी संदेश कोण देणार?", मग कुणाचा तरी भाचा पुण्याहून आलेला असतो, बायबल कॉलेजला शिकतो म्हणे, त्यालाच उभं करतात. तो बिचारा जे पाठ आहे ते बोलतो, म्हणजे उधळ्या पुत्राचा दाखला, आणि मंडळीने मागच्या पाहुण्याकडूनही तोच ऐकलेला असतो. भाच्याचा यात काही दोष नाही, त्याला कुणी विषयच दिला नव्हता.

आमच्याकडे वक्त्यांची सगळी सोय बघायचं काम माझ्याकडे आहे म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. म्हापसा असो, डिचोली, फोंडा किंवा वास्को, जिथे भाड्याच्या हॉलमध्ये नाहीतर कुणाच्या घरच्या मोठ्या खोलीत मराठी उपासना चालते त्यांना हे उपयोगी पडेल. आधी विषय ठरवायचा, मग माणूस शोधायचा, आणि पैसे, वेळ, भाषा या तिन्ही गोष्टी लाज न बाळगता आधीच स्पष्ट बोलून घ्यायच्या, बाकी सगळी कामं यातूनच निघतात.

आता हे बॅप्टिस्टांना जास्त का लागू आहे ते सांगतो. आपला ख्रिस्ती शेजारी बहुतेक कॅथलिक असतो, त्यांच्याकडे पाद्री कुठे जाणार, कोण प्रवचन करणार हे वरून ठरतं, आर्चबिशप आहेत, धर्मप्रांत आहे. आपल्याकडे वरती कुणी नाही. स्थानिक मंडळी स्वतंत्र, निर्णय सभासदांचा, हीच आपली पहिल्यापासूनची ओळख. पण त्याचा अर्थ असा की व्यासपीठावर चुकीचा माणूस उभा राहिला तर तक्रार करायला आपल्याकडे दुसरं ऑफिसच नाही, जबाबदारी पूर्ण आपली. म्हणून "पाळकांचे मित्र आहेत" एवढ्यावर सोडू नका. नाव पाळकसाहेबांनी सुचवावं, वडिलांनी (म्हणजे मंडळीच्या एल्डरांनी) किंवा डिकन (सेवक) मंडळींनी बघावं, आणि वर्षाची यादी वार्षिक सभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवावी. दर वक्त्यासाठी मतदान घ्यायची गरज नाही, तेवढी पण लोकशाही नको.

कॅलेंडर आधी काढा

माझं मत, रविवारच्या उपासनेला महिन्यातून एकापेक्षा जास्त पाहुणा नको, नाहीतर पाळकांची चालू मालिका तुटते आणि लोकांना दर आठवड्याला नवीन चेहरा बघायची सवय लागते. सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे पाचवा रविवार. वर्षात चार, कधी पाच महिने असे येतात ज्यांत पाच रविवार असतात, ते पाहुण्यांना देऊन टाका. पहिला रविवार बहुतेक ठिकाणी प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीचा) असतो, त्या दिवशी बाहेरचा माणूस नको, वेळही पुरत नाही आणि भोजन कोण देणार हा प्रश्न उगाच उभा राहतो.

रविवार सोडून बुधवारची किंवा शुक्रवारची घरसभा, भगिनी सभा, तरुण संघ, महिन्याची उपास-प्रार्थना, इथेही वक्ते लागतात, आणि खरं सांगायचं तर नवीन माणसाला पहिल्यांदा इथेच बोलवावं. पंधरा माणसांच्या घरसभेत कळतं की हा माणूस प्रश्न विचारला की चिडतो की ऐकून घेतो. रविवारच्या पुलपिटवरून (प्रवचनाच्या व्यासपीठावरून) ते कधीच कळत नाही.

गोव्याचं कॅलेंडर शेजारी ठेवूनच तारखा टाका. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात अर्धा गोवा गावी असतो, आपल्या सभासदांचे नातेवाईकही पेडण्याला, सावंतवाडीला, बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुर असतात, रात्रभर रस्ते अडलेले, त्या रात्री उशिराच्या बसने येणारा वक्ता चौकाचौकात अडकणार. कार्निव्हलच्या शनिवार-रविवारी शहरात गाडी घालू नका. २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात नोव्हेना सुरू होते, ३ डिसेंबरला सायबाचं (सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं) फेस्त, त्या भागातलं ट्रॅफिक माहीतच आहे. आणि नाताळ ते नवीन वर्ष बाहेरून कुणाला बोलवणं म्हणजे तिकिटाचे पैसे अक्षरशः जाळणं, बसवाले त्या आठवड्यात वाटेल तो रेट लावतात.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, आणि दरड पडली की सगळंच ठप्प. जुलै २०२४ ला पेडण्याच्या बोगद्यात पाणी आलं तेव्हा गाड्या रद्द झाल्या, काही वळवल्या. म्हणून जून ते सप्टेंबर लांबचा वक्ता ठेवूच नका, त्या महिन्यांत गोव्यातलाच, फार तर सिंधुदुर्गातला किंवा बेळगावचा.

विषय आधी, आणि तोही छोटा

"ब्रदर, प्रभू देईल तो संदेश द्या" हे आपण नम्रपणे म्हणतो, पण समोरच्याला त्यातून एवढंच कळतं की यांनी काही विचार केलेला नाही. मंडळीत काय चाललंय ते तुम्हाला माहीत, त्याला नाही. वर्षाच्या सुरुवातीला पाळक, दोन वडील, भगिनी सभेची एक बाई आणि तरुणांमधला एक, असे पाच जण चहाला बसा आणि लिहा की यंदा आपल्या घरांमध्ये कुठले प्रश्न आहेत. कर्ज. दारू. जहाजावर किंवा गल्फला गेलेला नवरा आणि इथे एकटी बायको. वेगळ्या पंथात किंवा वेगळ्या धर्मात लग्न. म्हातारे आईवडील घाटावर गावी आणि मुलं वेर्ण्याच्या फॅक्टरीत शिफ्टला. यादी झाली की वक्ते आपोआप सुचतात.

सगळे वक्ते पाळकच हवेत असं कुठे आहे? कर्जाच्या विषयावर बँकेत आयुष्य गेलेला विश्वासू माणूस शनिवारी संध्याकाळी तासभर बोलला तर रविवारच्या चार संदेशांचं काम होतं. व्यसनावर डॉक्टर किंवा समुपदेशक. फक्त उपासनेतला संदेश आणि माहितीचं व्याख्यान याची गल्लत करू नका, डॉक्टरला पुलपिटवरून वचन सांगायला लावू नका, त्यालाही अवघड होतं.

विषय किती छोटा हवा याचं उदाहरण देतो. "ख्रिस्ती इतिहास" असा विषय दिलात तर वक्ता पेंटेकॉस्टच्या दिवसापासून सुरू करेल आणि चाळीस मिनिटांत जेमतेम मार्टिन ल्यूथरपर्यंत पोहोचेल. त्याऐवजी "विल्यम केरी या बॅप्टिस्ट मिशनऱ्याने बंगालमध्ये बसून मराठीचं काम का केलं" एवढंच द्या. १८०५ ला मराठी व्याकरण, १८१० ला कोश, १८११ ला मराठी नवा करार, हे सगळं सेरामपूरच्या छापखान्यातून, आणि त्यात वैजनाथ पंडितांची मदत. आपल्या लोकांना हे माहीतच नसतं. आणि गोव्यात तर त्याच्याही आधी, १६१६ ला, फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांमध्ये ख्रिस्ताची कथा लिहून छापलेली आहे, ते जेझुइट होते, आपले नव्हेत, पण मराठीत ख्रिस्ताचं नाव इथे किती जुनं आहे हे तरुणांना सांगायला त्यासारखा विषय नाही. असा छोटा विषय दिला की वक्ता तयारी करून येतो, कारण पळवाट राहत नाही.

माणूस शोधणं आणि चौकशी

पहिली नजर जवळ टाका. बेळगाव, कोल्हापूर, सावंतवाडी, कुडाळ इकडचे मराठी पाळक, अनुभवी वडील. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, १९८३ ला यवतमाळहून तिथे आली, तिथे वेगवेगळ्या मंडळ्यांची मुलं शिकतात, सुट्टीत गोव्यात यायला कुणाला आवडत नाही, पण विद्यार्थ्याला एकटा रविवार देण्याआधी घरसभा द्या. दुसऱ्या पंथाचा वक्ता चालतो का? माझ्या मते चालतो, विषय बघून. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे एखादे रेव्हरंड प्रार्थनेवर, दुःखावर सुंदर बोलतील, त्यांच्याकडे बालबाप्तिस्मा आहे म्हणून त्यांना दारच बंद करायचं हे मला पटत नाही. मात्र बाप्तिस्म्याच्या तयारीचा वर्ग त्यांना देऊ नका, तो आपल्याच माणसाने घ्यावा, कारण आपण विश्वास कबूल केल्यावरच आणि पाण्यात पूर्ण बुडवूनच बाप्तिस्मा देतो.

चौकशी म्हणजे पोलिसी चौकशी नाही. दोन फोन. एक तो ज्या मंडळीचा सभासद आहे तिथल्या पाळकांना, दुसरा जिथे तो मागच्या वर्षभरात बोलून आला तिथे. पहिल्या फोनवर एवढंच विचारा की हे तुमच्या मंडळीत नियमित असतात का. जो माणूस दर रविवारी कुठेतरी पाहुणा असतो आणि स्वतःच्या मंडळीत कधीच नसतो त्याच्याबद्दल जरा थांबून विचार करा. दुसऱ्या फोनवर विचारा, वेळ पाळली का, पैशाचं काही आवाहन केलं का, नंतर लोकांना परस्पर फोन आले का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. काही जण येतात, संदेश चांगला देतात आणि जाताना भगिनींचे नंबर घेऊन जातात, मग महिनाभराने "प्रार्थना मदत"चे मेसेज सुरू होतात.

त्याचे दोन-तीन संदेश ऑनलाइन असतील तर ऐका, पण पूर्ण ऐका, पाच मिनिटांची रील बघून ठरवू नका. बिरुयाच्या लोकांनी पौलाचंसुद्धा बोलणं रोज शास्त्र उघडून तपासलं होतं (प्रेषितांची कृत्ये १७:११), तर आपण पुण्याच्या ब्रदरचं तपासलं म्हणून त्याला राग यायचं कारण नाही. राग आला तर तेही कळलंच.

हे थेट विचारून टाका: अन्य भाषांमध्ये (आत्म्याच्या प्रेरणेने, स्वतःलाही न कळणाऱ्या भाषेत) प्रार्थना, आजाऱ्यांवर हात ठेवून बरं करण्याची सभा, भविष्यवाणी, "बी पेरा म्हणजे दुप्पट मिळेल" टाइप दान. बॅप्टिस्टांमध्येही यातल्या काही गोष्टींवर एकमत नाही, तुमच्या मंडळीची जी भूमिका असेल ती आधी सांगा. बाई वक्ता रविवारच्या पुलपिटवर की फक्त भगिनी सभेत, यावरही मंडळ्यांमध्ये मतं वेगळी आहेत, ते आपसात आधी ठरवा, निमंत्रण गेल्यावर त्या ताईंना फोन करून "थोडं बदललंय" सांगायची वेळ आणू नका.

फोन, मग लेखी

फोनवर बोलणं झालं की त्याच दिवशी लिहून पाठवा. पत्र टाइप करायची गरज नाही, व्हॉट्सअॅप पुरे. साधारण असं:

"प्रभूमध्ये सलाम ब्रदर. फोनवर ठरलं ते लिहून पाठवतोय. रविवार २९ नोव्हेंबर, उपासना सकाळी १० ला सुरू, तुमचा संदेश १०.४५ च्या आसपास, ३५ मिनिटं. विषय कर्ज आणि ख्रिस्ती घर, वचन रोमकरांस १३:८. लोक मराठी बोलणारे, काही घरी कोंकणी बोलतात, अनुवाद नाही. साधारण चाळीस मोठी माणसं, मुलं गाणी झाल्यावर संडे स्कूलला जातात. त्या दिवशी प्रभुभोजन नाही. शनिवारी रात्री मुक्काम आमच्या एका वडिलांच्या घरी, पहिला मजला, लिफ्ट नाही, जिना चढायला त्रास असेल तर सांगा. थिवी स्टेशनला उतरा, करमळीला नको, जुन्या गोव्यात नोव्हेनाची गर्दी असते. येण्याजाण्याचं तिकीट आमच्याकडून, प्रेमदान वेगळं. तुमच्या कार्यासाठी दानाचं आवाहन करायचं असेल तर आधी कळवा, आमचे वडील ठरवतील. संदेश रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकला तर चालेल का तेही सांगा. खाण्यापिण्याचं काही पथ्य?"

यात लपवाछपवी कुठेच नाही, आणि वाचणाऱ्याला अपमानही वाटत नाही. बहुतेक वक्ते उलट आनंदाने उत्तर देतात कारण त्यांना असं कुणी लिहून देतच नाही. येण्याच्या दहा दिवस आधी एकदा आणि आदल्या दिवशी एकदा आठवण करा. आणि पर्यायी माणूस तयार ठेवा, आपल्यातलाच एखादा वडील ज्याच्याकडे एक संदेश कायम तयार असतो.

परदेशी पाहुणे: इथे अजिबात ढिलाई नको

गोव्यात ऑक्टोबर ते मार्च हे हमखास होतं. हणजुणे, कांदोळी, हरमल बाजूला सुट्टीला आलेलं एखादं जोडपं रविवारी उपासनेला येऊन बसतं, मागून कळतं की ते तिकडे पास्टर आहेत, आणि आपले लोक उत्साहाने म्हणतात, "दोन शब्द बोला ना". थांबा. टुरिस्ट व्हिसावर आलेल्या माणसाने उपासनेला येणं, बसणं, ऐकणं चालतं, पण धर्माचं प्रवचन देणं, धार्मिक ठिकाणी भाषण करणं, पत्रकं वाटणं चालत नाही. त्यात त्याचा व्हिसा जातो आणि तुमच्या हॉलवर चौकशी येते. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं कार्ड) असलेल्या आपल्या माणसालाही मिशनरी कामासाठी मार्च २०२१ च्या नियमांप्रमाणे वेगळी परवानगी लागते, "मूळचा आपलाच आहे" हे उत्तर नाही. अशा पाहुण्यांचं नाव घेऊन स्वागत करा, त्यांच्यासाठी प्रार्थना करा, चहा द्या.

घरी राहायला ठेवलंत तर परदेशी माणसाची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते, हे फक्त हॉटेलवाल्यांसाठी नाही. आणि पैसे. त्यांनी दानपेटीत टाकायला पाकीट काढलं की खजिनदाराला माहीत पाहिजे की एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी नसलेल्या मंडळीला परदेशी नागरिकाचं दान घेता येत नाही, मग ते डॉलर असोत की म्हापशाच्या एटीएममधून काढलेले रुपये. नम्रपणे नाही म्हणा. वाईट वाटतं, पण म्हणा.

येणं, राहणं, जेवणं

बाहेरच्या माणसाला गोवा नकाशावर छोटा दिसतो, त्यामुळे तो मडगावचं तिकीट काढतो आणि तुमची उपासना असते साखळीला. कुठल्या स्टेशनवर उतरायचं ते तुम्हीच सांगा: पेडणे, थिवी, करमळी, मडगाव, वास्को यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फोंड्याला तर रेल्वे स्टेशनच नाही. विमानाने येणारा असेल तर तिकिटावरचा कोड बघा, जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. मोपा जानेवारी २०२३ ला सुरू झालं तेव्हापासून हा घोळ कायमचा आहे. ओला-उबरच्या भरवशावर त्याला सोडू नका, इथे त्या चालत नाहीत, आणि टॅक्सीचं बिल ऐकून तुमचा खजिनदार आजारी पडेल. मंडळीतल्या कुणाची तरी गाडी स्टेशनला पाठवा. एकटा माणूस, हातात एकच बॅग असेल तर पायलट (मोटरसायकल टॅक्सी) पण चालतो, पण सत्तर वर्षांच्या रेव्हरंडना मोटरसायकलच्या मागे बसवू नका. रविवारी आतल्या गावांच्या बसेस कमी असतात, परतीचा हिशोब शनिवारीच करा.

मुक्काम घरी ठेवायचा तर पूर्ण कुटुंब असलेल्या घरी, आणि वेगळी खोली, पंखा, स्वच्छ बाथरूम हवी. फक्त बायका-मुली असतील त्या घरी पुरुष वक्ता नको, मग तो कितीही ओळखीचा असो. यजमानांना सांगा की शनिवारी रात्री बारापर्यंत त्याला गप्पांत बसवू नका, त्याला सकाळी बोलायचंय. आमच्याकडे पाहुणा आला की शेजारपाजारचे पण येऊन बसतात, प्रत्येकाला आपल्या मुलाच्या नोकरीसाठी प्रार्थना हवी असते, हे प्रेमच आहे, पण नऊ वाजता दिवा बंद. नाश्त्याला पोदेराचे गरम उंडे आणि पातळ भाजी पुरे, दुपारी हुमण-भात असेल तर आधी विचारा की मासे खातात का, घाटावरचे कित्येक जण काट्यांच्या माशाला घाबरतात आणि तोंडाने बोलत नाहीत, ताटात नुसता तुकडा फिरवत बसतात.

पहिल्या काही शतकांमधल्या मंडळीच्या एका जुन्या नियमावलीत लिहिलंय की फिरता प्रेषित आला तर एक दिवस, गरज पडली तर दोन दिवस ठेवा, तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा समजा. गोव्यात समुद्र असल्यामुळे आपण एवढं कडक होऊ शकत नाही, पण राहण्याचा खर्च मंडळी किती दिवसांचा करणार ते आधीच सांगा, पुढचे दिवस त्यांचे त्यांचे.

भाषा आणि दोन नाजूक जागा

अनुवाद लागत असेल, म्हणजे वक्ता हिंदी किंवा इंग्रजीत बोलणार असेल, तर वेळ अर्धी होते हे गणित वक्त्याच्या डोक्यात पक्कं बसवा. चाळीस मिनिटं दिलीत तर त्याच्या वाट्याला वीस. अनुवादकाला संदेशाचे मुद्दे आणि वचनांचे संदर्भ शुक्रवारपर्यंत मिळाले पाहिजेत, उभं राहिल्यावर शोधाशोध नको. तुमचे लोक पवित्र शास्त्राचं जुनं भाषांतर धरून बसतात की नवीन सोपं, तेही सांगा, नाहीतर वक्ता एक वाचतो, लोकांच्या हातात दुसरंच असतं आणि सगळे पानं उलटत बसतात.

आता नाजूक जागा. एक, महाराष्ट्रातून येणारे वक्ते हमखास सुरुवात करतात, "गोव्याला चाललो म्हटल्यावर मित्र हसले, म्हणाले बाटली आण". समोर अशी बाई बसलेली असते जिचा नवरा काल रात्री पिऊन घरी आलाय. हा विनोद नको म्हणून आधीच सांगा, स्पष्ट सांगा, दर वेळी सांगा. दोन, कोंकणी ही मराठीची बोली आहे वगैरे पांडित्य अजिबात नको. इथे १९६७ ला महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर जनमत कौल झाला, भाषेवरून १९८७ ला राजभाषा कायदा झाला, घराघरात अजून त्याच्या खुणा आहेत, आणि आपल्याच बाकांवर दोन्ही बाजूंची माणसं शेजारी बसतात.

तसंच कॅथलिकांच्या सायबिणीवर (मरियामातेवर) किंवा हिंदू देवांवर टीका नको. शेजारधर्म तर आहेच, शिवाय दुसऱ्याच्या धर्माचा मुद्दाम अपमान हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा आहे. ख्रिस्त सांगायला दुसऱ्याला खाली दाखवावं लागत नाही.

प्रेमदान

इथे आपण मराठी माणसं उगाच संकोच करतो. कामकऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे हे वचनात आहे (१ तीमथ्य ५:१८). तिकिटाचा प्रत्यक्ष खर्च वेगळा, प्रेमदान वेगळं, दोन्ही एकत्र करून "यात सगळं आलं" असं करू नका, लांबून आलेल्याला मग काहीच उरत नाही. रक्कम वडिलांनी वर्षाला एकदा ठरवावी आणि सगळ्यांना तीच, मोठ्या नावाच्या ब्रदरना जास्त आणि सेमिनरीच्या पोराला नुसती शाल असं नको. खरं तर त्या पोराला पैशाची गरज जास्त असते.

पाकीट शनिवारीच तयार ठेवा, व्हाउचरवर सही घ्या, किंवा सरळ यूपीआय करा म्हणजे नोंद राहते. व्यासपीठावर सगळ्यांसमोर पाकीट देऊ नका. पाहुण्यासाठी वेगळी दानपेटी फिरवायची पद्धत मला आवडत नाही, कारण संदेश जितका रडवणारा तितकी पेटी जड, आणि वक्त्यांनाही ते कळतं. मिशनक्षेत्रातून आलेल्याला आधार द्यायचा असेल तर तो संस्थेच्या खात्यावर, वडिलांनी ठरवून, पावती घेऊन.

त्या दिवशी

वक्ता अर्धा तास आधी हॉलवर. पाळकांसोबत पाच मिनिटं प्रार्थना, मग माइक. कॉलर माइकचे सेल नवीन घाला, दोन जास्तीचे खिशात ठेवा. लाईट जाणारच हे धरून चाला, इन्व्हर्टरवर निदान माइक आणि दोन पंखे. पत्र्याचा हॉल असेल आणि पावसाची सर आली तर ओरडून उपयोग नाही, एक गाणं घ्या, सर गेली की पुढे. बाहेर स्पीकर लावायचा असेल तर लेखी परवानगी लागते आणि रात्री १० नंतर नाहीच, आतल्या आत दोन छोटे बॉक्स पुरतात.

ओळख चार वाक्यांची: नाव, कुठली मंडळी, काय काम, आज विषय काय. "अभिषिक्त सेवक, महान देवमाणूस" वगैरे नको, डिग्र्यांची यादी पण नको. आपण सगळे विश्वासणारे याजक आहोत असं मानणाऱ्या लोकांनी एकाला एवढं वर चढवायचं आणि मग त्याला तपासायची हिंमत कुठून आणायची?

वेळेसाठी पुढच्या बाकावर एक माणूस बसवा, हातात दोन कार्डं, "१० मिनिटं" आणि "आता प्रार्थना". वक्त्याला ती आधी दाखवा. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला तेव्हा युतुख खिडकीतून खाली पडला, आणि त्याला उठवायला तिथे पौल होता, आपल्याकडे तशी सोय नाही. दुसरं कार्ड दाखवून पाच मिनिटं झाली तरी चालूच असेल तर पाळकांनी शांतपणे उठून शेजारी उभं राहावं, सगळ्यांना कळतं.

संदेशात काही चुकलं, शिकवणीत गडबड वाटली, तर तिथेच हटकायचं का? छोटं असेल तर नाही. अपुल्लोसाला प्रिस्किल्ला आणि अक्विलाने घरी नेऊन नीट समजावलं (कृत्ये १८:२६), जेवणाच्या वेळी तेच करा, आणि पुढच्या घरसभेत पाळकांनी तो मुद्दा उलगडावा. पण दुसऱ्या धर्माला शिव्या, कुणा सभासदावर नाव घेऊन "प्रकटीकरण" (देवाने मला याच्याबद्दल दाखवलं असा दावा), किंवा औषधं बंद करा असं सांगणं सुरू झालं तर थांबायचं नाही, वडिलांनी उभं राहून "आपण प्रार्थना करू" म्हणायचं आणि उपासना संपवायची. हा अधिकार कोणाला हे आधीच ठरलेलं असू द्या.

वैयक्तिक प्रार्थनेसाठी लोक थांबतात तेव्हा ती हॉलमध्येच, सगळ्यांच्या नजरेसमोर, भगिनींसाठी आपल्याकडची एक ज्येष्ठ भगिनी शेजारी. मुलांच्या वर्गात पाहुण्याला एकटं पाठवू नका, संडे स्कूलच्या टीचर तिथेच थांबतील. पाहुणा कितीही चांगला असला तरी हा नियम सगळ्यांना, म्हणजे कुणाला वाईट वाटत नाही.

नंतर

दोन दिवसांत आभाराचा मेसेज, त्यात नुसतं "खूप आशीर्वाद मिळाला" नको, एखादी ठोस गोष्ट लिहा, जसं की संदेशानंतर दोन घरांनी कर्जाचा हिशोब काढायला सुरुवात केली. रेकॉर्डिंग त्याच्या होकारानेच ग्रुपवर टाका, आणि साक्ष देताना कुणी घरातलं काही बोललं असेल तर तो भाग कापून. त्याच आठवड्याच्या घरसभेत संदेशावर चर्चा घ्या, लोकांना काय कळलं, काय पटलं नाही, नाहीतर सोमवारपर्यंत सगळं विसरतात.

आणि एक वही ठेवा, नाहीतर शीट. प्रत्येक वक्त्याची एक ओळ: तारीख, विषय, वचन, किती मिनिटं बोलला, खर्च, कुणाकडे राहिला, परत बोलवायचं का, बोलवायचं तर कुठल्या विषयावर. शेवटच्या रकान्यात बारीकसारीक: मधुमेह आहे, जेवण वेळेवर, मासे खात नाहीत, माइक हातात धरूनच बोलतात, जिना चढताना धाप लागते. व्यवस्था बघणारा माणूस बदलला की ही वही त्याच्या हातात द्या.